डायमंड पेंटिंग शिकताय? आधी डिंक सांभाळा, या चुका टाळा

डायमंड पेंटिंग म्हणजे डिंक लावलेल्या कॅनव्हासवर छापलेल्या चिन्हांच्या छोट्या घरांत, मेण भरलेल्या पेनाने रंगीत खडे एकेक उचलून बसवायचे आणि चित्र पूर्ण करायचं. माझा पहिला कॅनव्हास मी मे महिन्यात, अमळनेरच्या घरी, पत्र्याच्या खोलीत, भर दुपारी दोन वाजता उघडला. या एका वाक्यात तीन चुका आहेत. चौथी मी लगेच पुढे केली. कॅनव्हासवरचं पातळ प्लास्टिक टर्रकन पूर्ण ओढून काढलं आणि समोर कूलर लावून बसले.

आपल्याकडचा मे सांगायला नको. पारा ४४-४५ च्या आसपास, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. किटमधली मेणाची गुलाबी वडी तासाभरात लोण्यासारखी झाली. पेन टेकवलं की मेण खड्याच्या डोक्यावर थापलं जायचं, आणि खडा कॅनव्हासवर बसायच्या ऐवजी पेनालाच लटकून परत वर यायचा. कूलरच्या वाऱ्याबरोबर आलेली धूळ उघड्या डिंकावर बसत होती. शेजारच्या काकू डोकावल्या. "हाई काय शे वं?" मी म्हटलं, मोर शे. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता गेल्या.

त्या मोराने एक गोष्ट शिकवली. डायमंड पेंटिंगमध्ये भांडवल म्हणजे कॅनव्हासवरचा डिंक. खडे कमी पडले तर मागवता येतात, पेन मोडलं तर दुसरं मिळतं. डिंक एकदा मेला की तेवढी जागा गेली. आता गल्लीतल्या मुली आणि दोन-तीन वहिनी माझ्याकडे शिकायला येतात. त्यांच्या दहातल्या आठ अडचणी शेवटी डिंकावरच येऊन थांबतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्लास्टिक एकदम काढू नका

जिथे आज काम करायचं तेवढंच उघडायचं, साधारण चार बोटं रुंदीची पट्टी. प्लास्टिक मागे दुमडून ठेवलं तर त्याची घडी पडते आणि नंतर ते नीट बसत नाही. त्यापेक्षा कात्रीने प्लास्टिकचेच चौकोन करा, पण कात्री अलगद चालवा, कॅनव्हास कापू नका. किंवा प्लास्टिक बाजूला ठेवून त्या जागी बटर पेपरचे तुकडे लावा. बटर पेपर डिंकावरून सहज सुटतो, वर्तमानपत्र सुटत नाही. हे मी करून बघितलेलं आहे, कसं ते विचारू नका.

आपल्या भागात धुळीशिवाय दुसरा शत्रू म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस पडलेला असेल तर हवेत तंतू उडतच असतात. एक तंतू डिंकावर पडला की वरचा खडा अर्धवट टेकतो आणि महिन्याभराने गळतो. तंतू दिसला तर बोटाने चोळू नका, चिमट्याने उचला. बोटाचं तेल हा तिसरा शत्रू. भरीत-पुरी खाऊन नुसता पाण्याने हात धुतला आणि मनगट कॅनव्हासवर टेकलं, तर तेवढ्या जागेचा चिकटपणा गेलाच समजा. साबणाने हात धुवा, आणि हात टेकतो तिथे बटर पेपर असू द्या.

धूळ बसलीच, तर कापसाच्या काडीचं टोक पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि त्या जागेवरून हलकं फिरवा. पूर्ण वाळू द्या. ओतलेल्या डिंकाचा, म्हणजे पातळ डिंक ओतून थर दिलेला, कॅनव्हास असेल तर चिकटपणा बराचसा परत येतो. दोन बाजूंच्या टेपवाल्या कॅनव्हासवर एवढा गुण येत नाही, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा. अगदीच मेलेल्या जागी पारदर्शक वाळणारा डिंक टूथपिकच्या टोकाने, एका खड्यापुरताच लावा. जास्त लावला तर शेजारच्या घरात पसरतो आणि तिथलं चिन्ह पुसट होतं.

टेपवाल्या कॅनव्हासवर कधीकधी पांढरट शिरा दिसतात. ती टेपखाली अडकलेली हवा असते. प्लास्टिक वर असतानाच जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ती हवा कडेकडे ढकला. हटलीच नाही तर बारीक सुईने एक टोचा मारून दाबा. तसंच खडे लावत गेलात तर त्या रांगेतले खडे उंच राहतात आणि बोट फिरवलं की टोचतात.

मेण: थोडंच, आणि थंड

नवीन माणसाचा ठरलेला प्रश्न: "ताई, माझं पेन खडाच उचलत नाही." मी आधी मेणाची वडी मागते. नव्वद टक्के वेळा वडीवरचं पातळ पारदर्शक प्लास्टिक काढलेलंच नसतं. ते इतकं पातळ असतं की दिसत नाही. नखाने कोपरा उचलून काढा, बऱ्याच वड्यांना ते दोन्ही बाजूंनी असतं.

मग पेनाचं टोक वडीत सरळ उभं दाबायचं, थोडं फिरवायचं आणि बाहेर काढायचं. मेण टोकाच्या आत भरलेलं हवं, टोकाबाहेर त्याचा मणी दिसायला नको. बाहेर आलेलं मेण बोटाने पुसून टाका. जास्तीचं मेण खड्याच्या पैलूंवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि चमक जाते. मग लोक म्हणतात खडे हलके निघाले. माझ्या हाताला वीस-पंचवीस खड्यांनंतर पुन्हा मेण लागतं, तुमचा आकडा वेगळा असेल. खडा सुटायला लागला की भरायचं, एवढंच.

उन्हाळ्यात वडी माठाजवळ ठेवते, फारच मऊ झाली तर फ्रिजमध्ये दहा मिनिटं. कॅनव्हास मात्र फ्रिजमध्ये नाही! बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. आणि उन्हाळ्यात काम करायचं ते सकाळी, आठ-नऊच्या आत. दुपारी डिंक मऊ पडतो, बसवलेले खडे बोटाच्या धक्क्याने सरकतात आणि रांग कधी वाकडी झाली ते कळतही नाही.

ट्रे म्हणजे सूप आहे, पोतं नाही

खड्याला दोन बाजू. पैलू पाडलेली वर, सपाट खाली. सपाट बाजू डिंकाला टेकली पाहिजे. ट्रेमध्ये बारीक खाचा असतात त्या याचसाठी. चमचाभर खडे टाकून ट्रे हलकेच पाखडला की बरेचसे खडे आपोआप पैलू वर करून ओळीत बसतात. आपल्या घरातल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, सुपात डाळ पाखडणारा हात तसाच चालतो. पण हौसेने अख्खी पुडी ओतली की एकावर एक थर होतो, मग कितीही हलवा, ते उलटेच राहतात. आणि ट्रे पंख्याखाली ठेवू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते, तेव्हा भावाच्या मुलाने फुल स्पीडवर पंखा लावला आणि ३१० नंबरचा काळा थेट वहिनीने शेजारी वाळत घातलेल्या शेवयांवर गेला. दोन तास निवडत बसलो. त्या दिवसापासून सासर-माहेर दोन्हीकडे माझा ट्रे काढला की पंखा बंद.

हे नंबर कशाचे, तर बहुतेक किटमधले रंग डीएमसीच्या क्रमांकाने येतात. ती फ्रान्समधली भरतकामाच्या धाग्यांची जुनी कंपनी, १७४६ ची. ३१० म्हणजे काळा, ६६६ म्हणजे भडक लाल. आता घोटाळा कुठे होतो बघा. ३१० काळा, ९३९ गडद निळा आणि ३३७१ काळपट तपकिरी, हे तीन पिवळ्या बल्बखाली एकच दिसतात. पुडीवरचा नंबर न वाचता नजरेवर भरोसा ठेवला की मोराच्या गळ्यात काळे डाग पडतात. पांढरा एलईडी दिवा डाव्या बाजूने घ्या (डावखुरे असाल तर उजव्या). लाइट गेली तर काम बंद. मोबाईलच्या टॉर्चमध्ये रंग बघू नका.

कोरड्या हवेत खडे पुडीला आणि ट्रेला विजेच्या भाराने चिकटतात, झटकले की उडतात. ट्रे ओलसर फडक्याने पुसून वाळवा, पुडी उघडण्याआधी तीही बाहेरून पुसा. पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतोच.

रंग ठेवायला काही जणी मिसळणाचा डबा काढतात. दिसतो छान. पण वाट्यांवर वेगवेगळी झाकणं नसतात, डबा एकदा कलंडला की सात रंगांचं मिसळण तयार. झाकणाच्या छोट्या डब्या घ्या आणि प्रत्येकीवर नंबर आणि चिन्ह दोन्ही लिहा. सुरुवात करण्याआधी पुड्या रंगांच्या आणि चिन्हांच्या तक्त्याशी ताडून बघा. रंग कमी आहे हे अर्धं चित्र झाल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं बरं, तेव्हाच विक्रेत्याला सांगता येतं.

रांग वाकडी का होते

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, म्हणून इथे जरा थांबते.

चौकोनी खडा २.५ मिलिमीटरचा असतो. ३० × ४० सेंटीमीटरचं पूर्ण भरायचं चित्र घेतलं तर आडवी १२० आणि उभी १६० घरं, म्हणजे १९,२०० खडे. आता तुम्ही डावीकडून खड्याला खडा भिडवत निघालात आणि प्रत्येक खडा केसभर, समजा ०.१ मिलिमीटर, उजवीकडे सरकला. एका खड्यात काही दिसत नाही. पण पंचवीस खड्यांनंतर तो फरक २.५ मिलिमीटर होतो, म्हणजे एक अख्खं घर. शेवटचा खडा शेजारच्या चिन्हावर बसतो, मग लोक म्हणतात छपाई चुकली.

चुकतं ते असं, की आपण आधीच्या खड्याला बघून पुढचा लावतो. बघायचं असतं ते छापलेल्या घराकडे. म्हणून एकाच रंगाचा मोठा पट्टा आला की बुद्धिबळाच्या पटासारखं भरा: एक घर सोडून एक. प्रत्येक खडा आपल्या घराच्या मधोमध बसतो, शेजाऱ्याची चूक त्याला लागत नाही. मग राहिलेली घरं भरा, तिथे खडा टिकदिशी बसतो. तो आवाज यायला लागला की हात बसला समजा. खडा आत जातच नसेल तर दाबून घुसवू नका. तो फुगीर किंवा कडेला काटा असलेला असतो, असे खडे प्रत्येक पुडीत दोन-चार निघतातच. बाजूला काढा.

दुसरी चूक, लावला की लगेच अंगठ्याने गच्च दाबणं. आधी नुसता टेकवा. आठ-दहा खडे झाले की स्टीलच्या पट्टीची कड बाजूने लावून रांग सरळ करा. छोटा भाग पूर्ण झाला की बटर पेपर ठेवून वरून लाटणं फिरवा. हो, लाटणंच. किटमधल्या रोलरपेक्षा ते बरं चालतं. फक्त पोळ्यांचं वेगळं ठेवा.

गोल खडे साधारण २.८ मिलिमीटरचे. त्यांच्यामध्ये फट राहतेच, म्हणून वाकडी रांग लपते. पहिल्यांदा करणाऱ्याने गोल घ्यावेत असं माझं मत आहे. चौकोनी अधिक भरीव दिसतात हे खरं, पण पहिलं चित्र पूर्ण होणं महत्त्वाचं.

एकाच वेळी सहा-नऊ खडे उचलणारं रुंद टोक मिळतं, त्याचा मोह आवरा. आकाश, पाणी असं सलग काही असेल तिथेच ते कामाचं. ट्रे तिरका धरून खडे खाचेत एकमेकांना भिडवायचे, टोक सरळ रेषेत टेकवायचं आणि कॅनव्हासवर ठेवताना आधी एक कड, मग दुसरी. सगळे रंग विखुरलेले असतात तिथे साधं टोकच बरं.

चुकीच्या घरात खडा बसला तर पेनाने उकरू नका, डिंक निघून येतो. चिमट्याचं एक टोक खड्याच्या कडेखाली घालून हळूच वर उचला. नुसता सरकवायचा असेल तर सुई पुरते. अख्खा पट्टा चुकला असेल तर चिकटपट्टी वरून दाबून ओढली की बरेच खडे एकदम येतात. पण हे त्याच दिवशी करा, दाबून बसलेले खडे सहज सुटत नाहीत.

घरात रांगणारं लेकरू असेल तर हे काम जमिनीवर करू नका. खडा नाकात किंवा घशात जाण्याएवढाच असतो. उठताना ट्रेवर झाकण टाकण्याची सवय लावा.

झाल्यावर

अर्धवट चित्र गुंडाळून ठेवताना बहुतेक जण खडे आतल्या बाजूला घेतात. त्याने खडे एकमेकांवर दाबले जाऊन उचकटतात. खडे बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा. त्याहून चांगलं म्हणजे पलंगाखाली सपाट ठेवा. नवीन कॅनव्हास गोळा होत असेल तर एक रात्र जाड पुस्तकांखाली ठेवा, इस्त्रीच्या नादी लागू नका.

वरून डिंकाचा थर द्यायचाच असा नियम नाही. माझ्या एका चित्रावर मी पांढरा डिंक ब्रशने फिरवला. खडे पक्के झाले, पण पैलूंमध्ये डिंक भरून सगळी चमक झाकली गेली. खडे नीट दाबलेले असतील तर नुसत्या फ्रेमवरही ते टिकतात.

फ्रेमवाल्याकडे जाताना त्याला सांगा की कडेची पांढरी पट्टी कापायची नाही, ती आत दुमडायची. काच लावायची असेल तर ती खड्यांना टेकायला नको, मध्ये बारीक पट्टी घालून अंतर ठेवावं लागतं. आमच्या गल्लीतला फ्रेमवाला आधी म्हणाला, "ताई, काचेशिवायच चमकेल." बरोबर आहे त्याचं. पण आपल्याकडची धूळ बघता मी अंतर ठेवून काच लावली, आणि पश्चिमेची भिंत सोडून चित्र आतल्या खोलीत टांगलं. पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागते.