रस्त्याला सैनिकाचे नाव देण्याचा प्रस्ताव कसा तयार करावा

रस्त्याला युद्धात लढलेल्या सैनिकाचे नाव द्यायचे ठरले की पुष्कळदा आधी फलक रंगतो आणि अर्जाची आठवण नंतर होते. ठरावाशिवाय लावलेला फलक अनधिकृत ठरून उतरवला जाऊ शकतो, आणि तो उतरवताना पाहणे कुटुंबाच्या जिवाला लागते; म्हणून सुरुवात कागदापासूनच करावी.

प्रथम रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी माहिती घ्यावी. गावातून जाणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. तो जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा भाग असू शकतो, आणि लष्करी छावणीच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जावे लागते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज नाकारला जात नाही, तो नुसता पडून राहतो.

रस्ता शक्यतो बिननावाचा निवडावा. पुण्याच्या कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटला जनरल थिमय्यांचे आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव अधिकृतपणे दिलेले आहे, तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक जुनेच नाव घेतात. रूढ नावे बदलण्यापेक्षा नव्या रस्त्यांना नावे द्यावीत, असा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या १९७५ च्या सूचनांचाही रोख आहे. नव्या वसाहतीतला लहान रस्ता मिळाला तरी कमीपणा मानू नये, कारण तेथील रहिवाशांच्या पत्त्यात ते नाव पहिल्या दिवसापासून असते.

सर्वांत जास्त वेळ सैनिकाच्या नोंदी तपासण्यावर घालवावा. सेवा क्रमांक, पलटण, हुद्दा, लढाईचे ठिकाण आणि तारीख या गोष्टी घरच्या आठवणींवर न सोडता रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून पडताळून घ्याव्यात. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पत्रव्यवहारासाठी मदत मागता येते. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू झाला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहाव्यात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव तेथील कॅसिनो स्मारकावर आहे. मात्र या नोंदी इंग्रजीत असल्याने आडनावाचे देवनागरी रूप घरच्यांकडूनच लिहून घ्यावे.

हुद्द्याबाबत विशेष काळजी घ्यावी. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे यांना एप्रिल १९४८ मधील पराक्रमासाठी परमवीर चक्र मिळाले तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते आणि निवृत्त झाले ते मेजर म्हणून. त्यामुळे फलकावर कोणता हुद्दा लिहायचा हे प्रस्तावातच ठरवावे. (नौशेरा ते राजौरी हा रस्ता सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांसाठी मोकळा करणे, हाच त्यांचा पराक्रम होता, रस्त्याला नाव देण्यासाठी याहून समर्पक माणूस शोधून सापडणार नाही.)

एकाच गावातून अनेक जण लढले असतील, तर एकाची निवड वादाला आमंत्रण देते. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाने ‘मिलिटरी’ हा शब्दच आपल्या नावाला जोडून घेतला आहे. लढाईचे नाव देण्याचाही मार्ग आहे: २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांनी आजच्या इस्रायलमधील हैफा शहरासाठी लढलेल्या लढाईची आठवण म्हणून दिल्लीतील तीन मूर्ती चौकाच्या नावात २०१८ साली ‘हैफा’ जोडले गेले.

अर्जासोबत कुटुंबाचे संमतीपत्र, अभिलेखाच्या प्रती, रस्त्याची सुरुवात व शेवट दाखवणारा नकाशा आणि रहिवाशांच्या सह्या जोडाव्यात. त्याच नावाचा दुसरा रस्ता हद्दीत नाही, याचीही खात्री करून घ्यावी. गावात प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवावा. शहरात तो प्रभाग कार्यालयामार्फत सर्वसाधारण सभेपर्यंत जातो. पुणे महापालिकेत त्यासाठी नाव समिती आहे.

ठराव मंजूर झाल्यावर त्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि ती टपाल कार्यालयाला व मालमत्ता कर विभागाला पाठवावी. फलकावर पूर्ण नावाखाली पलटण, लढाई आणि वर्ष यांची एक ओळ घालावी, आणि फलक गंजल्यास तो बदलण्याचा खर्च कोणी करायचा हे त्याच ठरावात लिहून घ्यावे.