बीडीएसचं कॉलेज निवडताय? आधी ओपीडी बघा, आणि या चुका टाळा

नीटचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो: एमबीबीएस मिळतंय का? मिळत नसेल तर बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी. मग राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये एमबीबीएसची कॉलेजं भरून झाल्यावर, मुदत संपायच्या आदल्या रात्री, डेंटल कॉलेजांची नावं गेल्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने टाकली जातात. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पाच वर्षं जिथे काढायची ती जागा अशी ठरते, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांना मनापासून दंतवैद्य व्हायचंय, त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय.

ओपीडी न बघता कॉलेज ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावरच जास्त बोलते.

माझ्या क्लिनिकमध्ये नुकतेच पास झालेले डॉक्टर कामाला येतात. कॉलेजचं नाव मी विचारते, पण खरं काय ते खालच्या जबड्याला भूल देताना कळतं. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, तिथे दाताजवळ इंजेक्शन दिलं की भागतं. खालच्या दाढांसाठी मात्र जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते तिथवर सुई न्यावी लागते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याने हाडाची कड चाचपायची, सुई हाडाला लागेपर्यंत न्यायची, किंचित मागे घ्यायची, रक्त येत नाही ना बघायचं आणि मग सावकाश औषध सोडायचं. ज्याने कॉलेजात हे भरपूर वेळा केलंय त्याचा हात शांत असतो. ज्याने मोजक्या वेळा केलंय तो पेशंटला तीनतीनदा विचारतो, "ओठ जड झाला का?" पुस्तक दोघांनी तेच वाचलेलं असतं. फरक पडतो तो कॉलेजात मिळालेल्या पेशंटांचा.

म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. प्रवेश विभागात गेलात तर माहितीपत्रक आणि चहा मिळेल, तिथे फार वेळ घालवू नका. कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ओपीडीत एका बाकावर बसा. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग आहे का, बघा. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची मुलं खुर्चीवर पेशंट घेऊन काम करताहेत, की ट्रे मांडून वाट बघत उभी आहेत? मग एखाद्या इंटर्नला गाठा आणि सरळ विचारा, "डेन्चरचा (कवळीचा) पेशंट कुठून मिळाला?" प्रत्येक विद्यार्थ्याला ठरलेला कोटा पूर्ण करावा लागतो: इतके दात काढणं, इतक्या फिलिंग्ज, इतक्या कवळ्या. काही कॉलेजांत हा कोटा भरायला मुलं स्वतः पेशंट शोधून आणतात, त्यांचे केसपेपरचे आणि रिक्षाचे पैसेही भरतात. शेजारच्या आजोबांना गावाहून बोलावून कवळी केल्याचं इंटर्नने सांगितलं, की त्या ओपीडीबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांना पहिली पसंती द्यायची ती नुसत्या फीसाठी नाही. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल १९३३ पासून सुरू आहे. मुंबईतच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी कॉलेज, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली कॉलेजं आणि गोव्यात बांबोळीचं कॉलेज, सगळीकडे पेशंट आपणहून येतात. खर्रा आणि गुटखा खाऊन तोंडाचं अस्तर कडक झालेले, तोंड दोन बोटंही न उघडणारे पेशंट नागपूरच्या ओपीडीत विद्यार्थ्याला जवळून बघायला मिळतात. कर्करोग लवकर ओळखायची नजर अशाने तयार होते.

शहरातलं कॉलेज म्हणजे चांगलं, हाही गैरसमजच. वर्ध्याजवळच्या सावंगी किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणीसारख्या ठिकाणी कॉलेजाला मोठं ग्रामीण रुग्णालय जोडलेलं आहे. उलट शहरात गल्लोगल्ली खासगी दवाखाने असतात, तेव्हा नव्या कॉलेजात लोकांनी का यावं?

पेशंटची भाषा गृहीत धरणं

कोल्हापूर-सांगलीकडची मुलं बेळगावला जातात, तिथे मराठी चालते. पण त्याहून दक्षिणेला जाणार असाल तर तिसऱ्या वर्षी "दुखतंय कधीपासून, रात्री झोपेतून जाग येते का, गरम लागलं की ठणकतं की गार?" हे सगळं पेशंटला त्याच्या भाषेत विचारावं लागेल. पहिल्या वर्षापासून ती भाषा शिकायची तयारी असेल तर जरूर जा.

एकाच फॉर्मवर थांबणं आणि जुनी माहिती खरी मानणं

राज्याचा फॉर्म भरला की झालं, असं पुष्कळ पालकांना वाटतं. देशभरातल्या सरकारी डेंटल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीच्या एमसीसी या केंद्रीय प्रवेश समितीमार्फत भरल्या जातात आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागाही तिथूनच. तिथे नोंदणी वेगळी करावी लागते. अभिमतसाठी दोन लाख रुपये अनामत आधी भरायची असते आणि कोणत्या फेरीत जागा सोडली तर ती जप्त होते याचे नियम असतात. ते नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या मुलाला मुंबई-पुण्यात जागा मिळणं अवघड, असं अजून कुणी सांगितलं तर ऐकू नका. ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देणारा ७०:३० चा विभागीय कोटा २०२० मध्येच रद्द झालाय.

कागदपत्रांचं तर दरवर्षी तेच रडगाणं. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ओबीसीसारख्या प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअरही लागतं, आणि नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. बारावीची परीक्षा झाली की लगेच तहसील कार्यालय आणि पडताळणी समितीच्या मागे लागा. गुण पुरेसे असूनही एका कागदापायी राखीव जागा हुकणं हे अगदी टाळता येण्यासारखं दुःख आहे.

पहिल्या वर्षाची फी बघून हो म्हणणं

पूर्ण पाच वर्षांचा हिशेब लिहून काढा. इंटर्नशिपच्या वर्षी फी घेतात की विद्यावेतन देतात? हॉस्टेल सक्तीचं आहे का? पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात, दुसऱ्या वर्षी प्रीक्लिनिकल (नकली दातांवरचा सराव), मग एअरोटर (दात कोरायचं यंत्र), बर (त्याची टोकं), हातातली हत्यारं. यातलं काय कॉलेज देतं आणि काय स्वतः विकत घ्यावं लागतं, हे सीनियर मुलं अचूक सांगतात.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट जरूर तपासावी. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीय (सीईटी सेलच्या) फेरीतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठाला आणि संस्थेच्या कोट्याला ही सवलत लागू नाही. म्हणजे तेवढेच गुण असलेल्या मुलीचा खर्च फॉर्म कुठला भरला यावरून कितीतरी लाखांनी बदलतो.

नुसत्या बीडीएसवर शहरात सुरुवातीचा पगार ऐकून अनेक पालकांना धक्का बसतो. पुढे एमडीएसची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, तीन वर्षं किंवा स्वतःच्या क्लिनिकची खुर्ची यासाठी पैसे लागणारच. कर्ज काढायची सगळी ताकद बीडीएसवरच संपवू नका.

एमडीएस आहे म्हणून डोळे मिटून घेणं

एमडीएसचे विभाग असले की चांगले शिक्षक आणि यंत्रं असतात, आणि अवघड केस कशी हाताळतात ते दिसतं. पण अक्कलदाढेची शस्त्रक्रिया किंवा दाढेचं रूट कॅनल पीजीच्या (एमडीएसच्या विद्यार्थ्याच्या) हातात जातं आणि बीडीएसचा विद्यार्थी सक्शन (लाळ ओढणारी नळी) धरून उभा राहतो, असंही घडतं. इंटर्नला विचारा, दाढेचं रूट कॅनल स्वतः किती वेळा केलं. मोठ्या ओपीडीत दोघांनाही काम पुरतं. ओपीडी छोटी आणि पीजी जास्त असतील, तर मी ते कॉलेज यादीत खाली टाकेन.

नव्या कॉलेजांबाबत आणखी एक. सुरुवातीची वर्षं कॉलेज परवानगीवर चालतं, पहिली बॅच बाहेर पडताना मान्यता मिळते. पहिल्या-दुसऱ्या बॅचला विचारायला सीनियरच नसतात. मान्यतेची स्थिती दंत शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या यादीत बघून घ्या, कॉलेजच्या तोंडी शब्दावर राहू नका.

निकालाच्या तारखा न विचारणं

एखादा विषय राहिला की मूल ऑड बॅचमध्ये, म्हणजे मागे राहिलेल्यांच्या तुकडीत, जातं आणि इंटर्नशिप सहा महिने पुढे सरकते. एमडीएसच्या प्रवेश परीक्षेला, नीट-एमडीएसला, बसायला ठरलेल्या तारखेच्या आत इंटर्नशिप पूर्ण लागते, त्यामुळे सहा महिन्यांच्या उशिराने अख्खं वर्ष जाऊ शकतं. पहिल्या वर्षी किती मुलं ऑड बॅचला गेली, हे विचारायला संकोच करू नका.

प्रवेश झालाय आणि ओपीडी ओस आहे, मग?

स्थलांतराच्या आशेवर बसू नका; एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं हा हक्क नाही आणि नियम कडक आहेत. त्यापेक्षा हाताशी असलेल्या गोष्टी करा. सामुदायिक दंतशास्त्र विभागाच्या शिबिरांना आणि गावातल्या केंद्रांवर जायला स्वतःहून नाव द्या, पेशंट तिथे असतात. ओरल सर्जरी विभागातून काढलेले दात परवानगीने घ्या, निर्जंतुक करून ठेवा आणि रिकाम्या दुपारी त्यांच्यावर रूट कॅनलचा सराव करा. खालच्या दाढेच्या मुळांतले वाकडे कालवे प्लॅस्टिकच्या दातात सापडत नाहीत. सुट्टीत ओळखीच्या डॉक्टरांकडे निरीक्षणाला बसा. पेशंटला हात लावायचा नाही, पण खुर्चीजवळ उभं राहून डॉक्टर पेशंटशी काय बोलतात ते ऐकायचं. आणि इंटर्नशिपमध्ये सर्जरी आणि कन्झर्व्हेटिव्हच्या (फिलिंग, रूट कॅनलच्या) पोस्टिंगला एकही रजा टाकू नका. एमडीएसचा अभ्यास संध्याकाळी करता येतो.