लिस्बनला किती तास? आधी दोरा घ्या

फोंड्यात आमचं तिकिटांचं दुकान आहे. कुणाचा मुलगा, कुणाची भाची पोर्तुगालात, त्यामुळे "लिस्बनला पोचायला किती तास?" हे रोजचंच. मी म्हणतो, काकी, उत्तर घरीच काढता येतं.

अंतरासाठी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा पुरे. भिंतीवरचा नकाशा नको, सपाट कागदावरची सरळ रेघ फसवते. दोऱ्याचं एक टोक गोव्यावर, दुसरं लिस्बनवर दाबून ताणा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर तो साडेएकोणीस सेंटीमीटरच्या आसपास भरतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, गोलाचा सुमारे ९४ सेंटीमीटर, म्हणजे या गोलावर एक सेंटीमीटरला सुमारे ४२५. गुणाकार करा, ८,३०० येतील. बारकाईने मोजलं तर ८,३४०.

थेट विमान नाही. पण दोऱ्याजवळच कतारची राजधानी दोहा दिसेल. गोवा ते दोहा २,५५० आणि तिथून लिस्बन ५,८१० किलोमीटर. बेरीज केली तर वाट जेमतेम वीसेक किलोमीटरनेच वाढते. दिल्लीमार्गे जाणं म्हणजे उगाच उत्तरेला वळसा.

आता तास. किलोमीटरना ८५० ने भागा. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास प्रत्येक विमानाला मिळवा, आणि पश्चिमेकडे जाताना समोरच्या वाऱ्याचा आणखी अर्धा. दोह्यापर्यंत चार, पुढे पावणेआठ-आठ, म्हणजे हवेत बारा तास. परतताना वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ कमी लागतो.

खरा गोंधळ घड्याळाचा. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या-त्या गावची असते. समजा, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून पहाटे ४ ला सुटून लिस्बनला दुपारी २:३० ला उतरलात. वाटतं साडेदहा तास! हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तेव्हा इथे रात्रीचे ८. प्रवास झाला सोळा तासांचा. त्यातले चार दोह्यात बसून. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडचं घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचारच धरायचा. दोह्याचा मात्र बारा महिने अडीच तास.

म्हातारं माणूस एकटं जात असेल तर मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी नको, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळी स्वस्त मिळाली तरी मी देत नाही. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं चुकल्याला कुणी जबाबदार नसतं.

गोव्यात विमानतळ दोन, म्हणून तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. फोंड्याहून मोपाला दीड तास धरा, विमानाच्या तीन तास आधी पोचा. म्हणजे १५ तारखेच्या पहाटे चारच्या विमानासाठी टॅक्सी १४ च्या रात्री साडेअकराची सांगायची.