डायफ्रॅम पंप कसा निवडावा: इंच नंतर, द्रव आधी

गेल्या पावसाळ्यात बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतून भाच्याचा फोन आला. "मामा, अ‍ॅसिडसाठी दीड इंची डायफ्रॅम पंप घेतोय. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त पडतोय. चालेल ना?"

"कुठलं अ‍ॅसिड?"

"एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक. तीस-बत्तीस टक्के."

"आणि दीड इंच का?"

"लाईन दीड इंची आहे ना, म्हणून."

बडोद्याच्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे हे संभाषण मला तोंडपाठ आहे. शर्टाचं कापड मागावं तसे लोक पंप इंचात मागतात. एचसीएलमध्ये अ‍ॅल्युमिनियम बुडबुडे सोडत खाल्लं जातं आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. स्वस्त पंप त्याला चांगलाच महाग पडला असता.

इथे बोलतोय ते हवेवर चालणाऱ्या जोड-डायफ्रॅम पंपाबद्दल. जिम विल्डेन या अमेरिकन माणसाने १९५५ मध्ये तो काढला. दोन लवचीक चकत्या, म्हणजेच डायफ्रॅम, एका दांड्याने जोडलेल्या असतात. हवा एकीला ढकलते तेव्हा दुसरी मागे येऊन द्रव ओढते, मग उलट. चार बॉल झडपांचं काम करतात. मोटर नाही, फिरणारा शाफ्ट नाही, म्हणून त्याचं सीलही नाही.

आधी विचारा: हाच पंप हवा का?

कोरडा चालला तरी सहसा बिघडत नाही, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर नुसता थांबतो, गाळ-चिखल ओढतो, टाकीच्या वर बसवला तरी स्वतः खेचून घेतो. टँकर रिकामा करणं, ड्रम भरणं, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) स्लज, म्हणजे गाळ, पाणी पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमध्ये ढकलणं ही याची कामं. फिल्टर प्रेसवर तर तो बघत राहावा. केक, म्हणजे पिळलेला गाळ, भरत जातो तशी पंपाची धडधड मंदावते आणि दाब हवेच्या दाबाला पोचला की तो आपोआप गप्प होतो. कुणी बटण दाबावं लागत नाही.

पण स्वच्छ पाणी चोवीस तास फिरवायचं असेल तर सेंट्रिफ्युगल, म्हणजे मोटरवर फिरणारा पंप, घ्या. मोजून थेंब सोडायचे असतील तर डोसिंग पंप. तोही डायफ्रॅमचाच असू शकतो, पण जात वेगळी. दुकानदार दोन्हींना "डायफ्रॅम" म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो.

द्रवाची कुंडली मांडा

नाव, टक्केवारी, तापमान, घनता, घट्टपणा, त्यातल्या कणांचा आकार. सेफ्टी डेटा शीट समोर ठेवूनच हे लिहा. "अ‍ॅसिड" एवढ्याने काही कळत नाही. एचसीएलला पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची बॉडी उत्तम, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) मात्र नको. तीव्र नायट्रिकला पॉलिप्रॉपिलीन नको. द्रव साठ-पासष्ट अंशांच्या वर गरम असेल तर पॉलिप्रॉपिलीनच्या आधी पीव्हीडीएफ या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा विचार करा. कॉस्टिकला अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. एमडीसीसारखं (मेथिलीन डायक्लोराइड) क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट अ‍ॅल्युमिनियमच्या पंपात कधीही घालू नका, स्फोटाची भीती असते. पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटला साधं प्लॅस्टिकही नको, कारण स्थिर वीज साठते. तिथे धातूची किंवा वीजवाहक प्लॅस्टिकची बॉडी आणि नीट अर्थिंग हवं.

डायफ्रॅम कशाचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नायट्राइल, ईपीडीएम, वायटॉन ही रबराची नावं. तेल-डिझेलला नायट्राइल चालतो, ईपीडीएम नाही. अ‍ॅसिटोनला वायटॉन चालत नाही, टोल्युइनला चालतो. टेफ्लॉन जवळपास सगळ्याला पुरतो, पण तो ताठ असतो. त्यामुळे कोरड्या पाइपातून द्रव वर ओढण्याची ताकद कमी होते.

एकदा टोल्युइनच्या पंपातून काढलेला डायफ्रॅम मी टेबलावर ठेवला. कडेला लाटा आलेल्या, अंगाने फुगलेला, पावसाळी हवेत सादळलेल्या पापडासारखा. परत जागेवर बसेना. स्टोअरमधून वायटॉन समजून ईपीडीएम दिला गेला होता. दोन्ही काळे, दोन्ही गोल. तेव्हापासून डायफ्रॅमवरचा रंगाचा ठिपका किंवा पार्ट नंबर पाहिल्याशिवाय मी उघडलेला पंप परत जोडू देत नाही. आणि बॉल, सीट, ओ-रिंग यांचंही मटेरियल विचारा. डायफ्रॅम टेफ्लॉनचा आणि ओ-रिंग भलतीच, असे पंप मी उघडले आहेत.

आता आकडे

भाच्याला तासाला ३ हजार लिटर हवं होतं, म्हणजे मिनिटाला ५०. चढ ८ मीटर, पाइप आणि बेंडचे ४ मीटर धरले, एकूण १२. एचसीएलची घनता १.१५ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या हिशेबात १३.८ मीटर. १० मीटर पाण्याला साधारण १ बार, तेव्हा १.४ बार. तीव्र सल्फ्युरिक असतं तर घनता १.८४ आणि दाब २.२ बारपर्यंत गेला असता.

कॅटलॉगवर मोठ्या अक्षरात छापलेला प्रवाह शून्य हेडला, म्हणजे चढ-दाब काहीच नसताना, पूर्ण हवेवरचा असतो. तो सोडून द्या आणि कर्व्ह, म्हणजे प्रवाह-दाबाचा आलेख, पाहा. आपलं काम कमाल प्रवाहाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत बसलं की पंप निवांत चालतो, डायफ्रॅमही टिकतो. भाच्याचं काम १ इंची पंपात आरामात बसलं. लाईन दीड इंची राहिली तरी बिघडत नाही, उलट सक्शनला, म्हणजे ओढण्याच्या बाजूला, मोठा पाइप असलेला बरा.

हवेचा खर्च विसरू नका

त्याच कर्व्हवर हवेचा खपही असतो. समजा १२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १२ घनफूट हवा. ७ बारला कंप्रेसरच्या एका एचपीमागे साधारण ४ सीएफएम मिळतात, म्हणजे ३ एचपी गेले. हेच काम सेंट्रिफ्युगल अर्ध्या-एक एचपीत करतो. दिवसातून दोन तास चालवायचा तर कोण विचारतो, चोवीस तास चालवायचा तर वीजबिल विचारतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली असते. एअर लाईनला फिल्टर-रेग्युलेटर आणि शक्यतो ड्रायर नसेल तर भर जुलैत मफलरवर, म्हणजे वापरलेली हवा बाहेर सुटते त्या तोंडावर, बर्फ धरतो आणि पंप अडकतो.

बसवताना

दोन्ही तोंडांना लवचीक होज लावा, धक्क्यांनी जोड सैल होतात. सक्शनचा होज आत तार असलेला घ्या, नाहीतर चपटा होतो.

एक गोष्ट मात्र भाच्याकडून समोर उभं राहून करून घेतली. त्याचा पंप टाकीच्या खाली होता. डायफ्रॅम फाटला की द्रव मफलरमधून बाहेर येतो आणि पंप खाली असेल तर टाकीच रिकामी होऊ शकते. म्हणून मफलर काढून तिथून पाइप वर नेला, टाकीतल्या पातळीच्याही वर, आणि त्याचं तोंड शेडबाहेर सुरक्षित जागी वळवलं. "मामा, एवढा उंच?" म्हणून तो कुरकुरला, पण शिडी त्यानेच धरली.