इंदुरात राहून अमेरिकेच्या घड्याळावर: नव्याने आलेल्यांसाठी

पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणांहून इंदुरात नोकरीला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला रात्रपाळी येते. जॉइन होताना सांगतात, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. त्या हिशेबाने आपण खोली बघतो, डबा लावतो, जिमचे वर्षाचे पैसे भरून टाकतो. मग नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तीच शिफ्ट साडेसातला लागते आणि साडेचारला सुटते. गल्लीत, किराण्याच्या दुकानात, डबेवालीला, कुणालाच याची गंधवार्ता नसते, कारण आपल्या देशातलं घड्याळ जागचं हललेलं नसतं. मी साताऱ्याहून इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. अमेरिकेच्या पाळीत काम करते, आणि घरमालकीण काकूंची लेक इंग्लंडात असते. त्यामुळे दोन्हीकडच्या घड्याळांशी रोजचा संबंध येतो.

आधी तारखा लिहून घ्या. उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाचा उजेड संध्याकाळी जास्त मिळावा म्हणून अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २००७ पासून हाच नियम आहे. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. २०२६ चं सांगायचं तर अमेरिकेचे ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोपचे २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. अमेरिकेत हा बदल रात्री दोनला होतो. न्यूयॉर्कात घड्याळ फिरतं तेव्हा आपल्याकडे रविवारची दुपार असते, मार्चात साडेबारा आणि नोव्हेंबरात साडेअकरा. त्या वेळी आपण वरणभाताच्या तयारीत असतो, काही जाणवत नाही. जाणवतं ते सोमवारी संध्याकाळी, कॅबवाल्याचा फोन आला की.

न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. शिकागो साडेअकरा आणि साडेदहा, कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. क्लायंट फिनिक्सचा असेल तर सुटलात. ॲरिझोनात, नवाहो लोकांचा प्रदेश सोडला, तर घड्याळ फिरवतच नाहीत. फिनिक्स बारा महिने साडेबारा तास मागे.

दर वर्षी टीममधलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की हे प्रकरण आता बंद होणार आहे. युरोपियन पार्लमेंटने २०१९ मध्ये तसं मत दिलं होतं, अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये विधेयकही मंजूर केलं होतं. पुढे दोन्हीकडे गाडं अडलं. त्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे हे का नाही, असंही नवीन मुलं विचारतात. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली आहे. इथला जूनमधला मोठा दिवस साडेतेरा तासांचा, डिसेंबरातला लहान पावणेअकराचा. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा आणि आठच्याही आत. आपल्याएवढ्या फरकासाठी कोण घड्याळं फिरवत बसेल! महायुद्धाच्या काळात मात्र, १९४२ ते १९४५, हिंदुस्थानातलं घड्याळही तासभर पुढे ठेवलेलं होतं.

आता खरा मुद्दा. तिकडचे सहकारी मार्चात कुरकुरतात, कारण त्यांची तासभर झोप जाते, आणि नोव्हेंबरात खुशीत असतात. आपलं गणित वेगळं आहे. मार्चात शिफ्ट साडेसातवरून साडेसहावर येते, म्हणजे जेवणं, झोप, सगळंच तासभर अलीकडे ओढावं लागतं. शरीराला हे जड जातं. पहाटे चारला घरी पोचून डोळे टक्क उघडे, असे पहिले चार-पाच दिवस जातात. पण एकदा सवय झाली की उन्हाळ्याची पाळी सोयीची आहे, सूर्य उगवायच्या आधी दीड तास तरी अंथरुणात असता. नोव्हेंबरात उलटं होतं. उशिरा झोपणं शरीराला सोपं, दोन दिवसांत जमतं. पण घराचं वेळापत्रक कोलमडतं. तुम्ही सव्वापाचला दार उघडता तेव्हा काकू देवपूजेच्या तयारीला लागलेल्या असतात, दूधवाला जिन्यात असतो, आणि "आलीच आहेस तर चहा घे" असा आग्रह होतो. तो चहा घेऊ नका. चहा घेतला की गप्पा होतात, गप्पांत सात वाजतात, आणि मग इंदूर तुम्हाला झोपू देत नाही.

कसं झोपू देत नाही ते सांगते. या शहराने २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर धरून ठेवला त्याची किंमत रात्रपाळीवाले चुकवतात. सकाळी कचऱ्याची पिवळी गाडी भोंग्यावर गाणं लावून गल्लीत शिरते. लांबून ऐकू येतं, जवळ येतं, बरोबर तुमच्या खिडकीखाली थांबतं. एकटे राहत असाल तर उठून खाली जाणं भाग आहे, कारण रस्त्यावर पिशवी ठेवून देण्याची सोय इथे नाही आणि कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यायचा असतो. ओला वेगळा, सुका वेगळा इथपर्यंत सगळ्यांना येतं, बाकीचे चार पहिल्या महिन्यात शिकून घ्या. यावर उपाय शेजार. शिफ्ट बदलायच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना सांगून ठेवायचं आणि कचऱ्याचे डबे संध्याकाळी निघतानाच त्यांच्या दाराशी ठेवायचे. माळव्यातली माणसं अशा कामाला नाही म्हणत नाहीत, फक्त सांगायला हवं.

पाण्याचंही तसंच. इंदूरला पाणी नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं, आणि बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतो. खोली ठरवताना भाडं विचाराल तसं नळ किती वाजता येतो हेही विचारा. पहाटे पाचचा नळ असेल तर उन्हाळ्यात तो तुमच्या ऐन झोपेत येतो आणि हिवाळ्यात कामावरून परतताना सापडतो. टाकी आणि मोटर असलेलं घर मिळालं तर हजार-पाचशे जास्त द्यायला हरकत नाही.

खाण्याची चिंता इथे सहसा करावी लागत नाही, पण वेळा ओळखून राहा. सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीची पेढी आणि रात्री त्याच ओट्यांपुढे खाऊगल्ली. रात्री नऊ-दहाला रंगते आणि दोनच्या सुमाराला आवरतात. तुमची शिफ्ट साडेतीनला सुटो की साडेचारला, सराफा मिळायचा नाही. तो शनिवारी रात्रीसाठी राखून ठेवा. २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका केलेल्या रस्त्याच्या, पट्ट्यातली दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली होती, ती २०२४ मध्ये काढून घेतली. तेव्हा जुन्या लोकांनी सांगितलेल्या "तिकडे तीन वाजताही सगळं मिळतं" या गोष्टीवर जाऊ नका, डब्यात काहीतरी असू द्या. पहाटे मात्र सरवटे बसस्थानकाच्या आसपास पोहे लागतात. आपल्यासारखे कढईतून थेट नाहीत, खाली उकळत्या पाण्याचं भांडं, त्यावर वाफेत ठेवलेली पोह्यांची परात, वरून शेव, जिरावण नावाचा मसाला, कांदा आणि सोबत जिलबी. नोव्हेंबरच्या पाळीतून सुटून तिथे पोचलात तर गरम मिळतात. फक्त जिलबीसकट हा प्रकार खाऊन लगेच झोप येईल अशी अपेक्षा धरू नका.

थंडीबद्दल एक. आयटी कंपन्या आहेत तो सुपर कॉरिडॉरचा रस्ता मोकळा आहे, वारा अडवायला काही नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो. उन्हाळ्याच्या पाळीत दुचाकीवर जाणारी मंडळी नोव्हेंबरातही तशीच निघतात आणि आठवड्यात आजारी पडतात. हातमोजे घ्या, कानटोपीची लाज बाळगू नका. मुलींनी दुचाकीचा विचारच सोडावा आणि ऑफिसची कॅब घ्यावी. मात्र घड्याळ बदलायच्या आधीच्या गुरुवारी ट्रान्सपोर्टवाल्यांकडून पिकअपची नवी वेळ लेखी मागून घ्या. एका ठिकाणी मी काम करत असताना रोस्टर बदललं होतं आणि कॅबची यादी जुनीच होती. पहाटे साडेतीनला गाड्या येऊन उभ्या राहिल्या, आम्ही कॉलवर, आणि सुटलो तेव्हा आवारात एकही गाडी नव्हती.

कॉम्प्युटरच्या बाबतीत थोडक्यात. अमेरिकेच्या क्लायंटबरोबरची रोजची मीटिंग कॅलेंडरवर टाकताना वेळ न्यूयॉर्क शहराची निवडा, कोलकात्याची (भारतीय वेळ यादीत याच नावाने असते) नको. भारतीय वेळेने टाकलेली मीटिंग आपल्याकडे जागेवर राहते आणि त्यांच्याकडे सरकते, मग सोमवारी ते हजर आणि आपण गायब. लॉग बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवा की नोव्हेंबरच्या त्या रविवारी तिथला रात्री एक ते दोनचा तास दोनदा येतो आणि मार्चात दोन ते तीनचा तास नसतोच. दीड वाजताची नोंद दोनदा दिसली म्हणून बिलिंगवाल्यांना लगेच मेल ठोकू नका.

इंग्लंडच्या पाळीत असाल तर जगणं बरंच माणसात आहे. हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. काकूंना मी एक युक्ती शिकवली आहे. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरायचं, बाराचा आकडा खाली. काटे लंडनची वेळ दाखवतात. आपले बारा वाजलेले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत हे चालतं, उन्हाळ्यात दिसेल त्यात एक तास मिळवायचा. मिळवायचं त्या विसरतात आणि लेकीला तिच्या ऑफिसच्या रस्त्यावर फोन लावतात, ते सोडा. अमेरिका आणि इंग्लंड दोघांशी काम असलेल्यांनी मधले आठवडे सांभाळा: मार्चात दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा दोघांमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. तिघांचा कॉल नेमका तेव्हाच फसतो.

झोपेची तयारी मार्चसाठीच करावी लागते. त्या रविवारच्या आधीच्या बुधवारपासून रोज पंधरा मिनिटं अलीकडे झोपायचं, जेवण त्याच प्रमाणात अलीकडे, आणि शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आत. खिडकीला जाड पडदा लावा. राजवाड्याच्या मागच्या कापडबाजारात हवा तसा शिवून मिळतो. नोव्हेंबरासाठी शरीराला काही करायला नको, घरच्यांना सांगायला हवं. गावाकडे आईला नवी वेळ कळवा, नाहीतर सवयीने ती सकाळी अकराला फोन करते, आणि आता तुमची झोप तेव्हा जेमतेम अर्धी झालेली असते.

सणांचं गणित वेगळं मांडावं लागतं. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर आली तर एक फायदा होतो, सव्वापाचला घरी या आणि सरळ अभ्यंगस्नानाला बसा, वेगळं उठायला नको. खरी गोची रंगपंचमीची. इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला लाखोंनी लोक येतात, आणि ती मार्चच्या बदलाच्या आसपास पडते. २०२६ मध्ये तर दोन्ही एकाच रविवारी, ८ मार्चला. आठवड्याच्या मधल्या वारी आली की नवीन मुलं त्या दिवसाची रजा टाकतात आणि चुकतात. गेर सकाळी निघते. त्या तारखेची तुमची शिफ्ट संध्याकाळी लागते, आणि सकाळी तुम्हाला जी झोप हवी असते ती आदल्या संध्याकाळी सुरू झालेल्या शिफ्टने खाल्लेली असते. रजा आदल्या तारखेची टाका, फॉर्मवर क्लायंटकडची तारीख लिहा, आणि फेब्रुवारीतच मंजूर करून घ्या, कारण त्या आठवड्यात अर्धं ऑफिस रांगेत असतं.