मोटरहोममधला जुना डबा टीव्ही काढून फ्लॅट टीव्ही कसा बसवावा

मोटरहोममधला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतला, जुना टीव्ही बदलायचा ठरला की बहुतेक जण आधी नवा टीव्ही घेऊन येतात आणि मग तो बसवायचा कसा, हे शोधू लागतात. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी जुना टीव्ही काढा, मागची पोकळी मोजा, वायरिंग कुठून कुठे जातंय ते बघा, भिंतीत स्क्रू कुठे धरेल ते तपासा आणि टीव्ही सगळ्यांत शेवटी घ्या. घरातल्या भिंतीवर टीव्ही एकदा टांगला की काम संपलं. मोटरहोममध्ये भिंतच प्रवासाला निघते. ती तासन् तास हादरते, वळणावर कलते, बंद गाडीत उन्हाने तापते. शिवाय वीज बॅटरीची, म्हणजे तिचा दाबही स्थिर नाही. या सगळ्याचा विचार टीव्ही घेण्याआधी केला, तर बसवणं हे एका दिवसाचं काम आहे.

बदल करावा असा आहे, यात मला शंका नाही. पिक्चर ट्यूबचा २० इंची टीव्ही साधारण २० किलोच्या आसपास भरतो, आणि अनेक गाड्यांमध्ये तो चालकाच्या डोक्यावरच्या कपाटात बसवलेला असतो. तेवढ्याच उंचीचा फ्लॅट टीव्ही ३ ते ४ किलोंचा असतो. डोक्यावरून एवढं वजन कमी होणं हाच मोठा फायदा आहे. चित्राची गोष्ट त्यानंतरची.

जुना टीव्ही बाहेर काढणं

आधी वीज पूर्ण तोडा. बाहेरून येणारी मेन्सची केबल काढा, इन्व्हर्टर बंद करा आणि घरगुती बॅटरीची (इंजिनची नव्हे, राहण्याच्या भागाला वीज देणारी) ऋण बाजू सोडवा. टीव्हीचा प्लग नुसता काढून थांबू नका, कारण त्याच कपाटातून दिव्यांच्या आणि अँटेनाच्या वायरी जात असतात.

जुन्या टीव्हीचं मागचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला २० ते ३० हजार व्होल्टचा दाब लागतो आणि वीज तोडल्यावरही त्यातला काही भार आत साठून राहू शकतो. शिवाय ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. काच फुटली तर ती आतल्या बाजूला कोसळते आणि तुकडे जोरात उडतात. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

स्क्रू सापडत नाहीत ही इथली नेहमीची अडचण. समोरची शोभेची चौकट बहुधा पिनांनी ठोकलेली असते. पातळ पट्टी आत सरकवून ती हळूहळू उचला, कारण पुढे तिचा उपयोग होऊ शकतो. टीव्ही धरणारे बोल्ट फळीच्या खालून येतात, किंवा डब्याभोवती लोखंडी पट्टा आवळलेला असतो. शेवटचा बोल्ट सोडण्याआधी दुसऱ्या माणसाला टीव्हीला हात लावून उभं करा. ट्यूबचं बहुतेक वजन काचेच्या बाजूला असतं, म्हणून टीव्ही बाहेर येताना झटकन पुढे झुकतो. उचलताना पडदा आपल्या छातीकडे असावा.

मागच्या केबल काढताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून ती कुठे जोडलेली होती ते लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. अँटेनाला बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, असेल, तर आधी त्याचा स्विच बंद करा. बूस्टरची १२ व्होल्टची वीज त्याच अँटेना केबलमधून वर जाते. केबलचा मधला तार बाहेरच्या जाळीला टेकला तर फ्यूज उडतो आणि पुढे तासभर कारण शोधण्यात जातो.

पोकळीचं माप आणि टीव्हीचं माप

आता रिकामी पोकळी मोजा: रुंदी वरच्या आणि खालच्या टोकाला, उंची दोन्ही बाजूंना, आणि खोली. गाडीतली कपाटं क्वचितच काटकोनात असतात, म्हणून सगळ्यांत लहान माप तेच खरं माप समजा. शेजारच्या कपाटांची दारं पूर्ण उघडून पाहा. पडदे सरकवून पाहा. चालकाच्या जागेवरून उठताना डोकं कुठून जातं, तेही पाहा.

जुना पडदा ४:३ प्रमाणाचा असतो, नवा १६:९ चा. म्हणजे "२० इंच काढला, २० इंच लावला" हा हिशेब चुकतो. १६:९ च्या पडद्याची रुंदी त्याच्या कर्णाच्या सुमारे ८७ टक्के आणि उंची ४९ टक्के असते. जुन्या २० इंची पडद्याचं चित्र ४०.६ सेंटिमीटर रुंद आणि ३०.५ सेंटिमीटर उंच. २४ इंची फ्लॅट टीव्हीचं चित्र सुमारे ५३ बाय ३० सेंटिमीटर. उंची जवळपास तेवढीच, रुंदी मात्र १२ सेंटिमीटरने जास्त. ३२ इंचाला सुमारे ७१ बाय ४० सेंटिमीटर जागा लागते, आणि हे फक्त चित्राचं माप आहे, चौकट त्याहून थोडी मोठी. खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या बाह्य मापाने कापा, जागेवर चिकटवा आणि दिवसभर राहू द्या. दार अडतं की नाही, डोकं लागतं की नाही, हे पुठ्ठा लगेच सांगतो.

मोठा पडदा घेण्याचा मोह होतो. बसण्याची जागा आणि पडदा यांत दीड-दोन मीटर अंतर असेल, तर २४ इंच पुरेसा आहे, असं माझं मत. ३२ इंच घ्यायचाच असेल तर तो पोकळीच्या बाहेर, पुढे येईल. त्याचे कोपरे कोणाच्या कपाळाच्या उंचीला येत असतील तर तो विचार सोडून द्या.

एक गोष्ट मापपट्टीने कळत नाही. पिक्चर ट्यूबचं चित्र कुठूनही सारखं दिसायचं. फ्लॅट पडद्याचं तसं नाही. डोक्यावरच्या कपाटातला पडदा आपण खालून बघतो आणि स्वस्त पॅनेलमध्ये खालून बघताना रंग काळवंडतात किंवा उलटे दिसतात. आयपीएस प्रकारचं पॅनेल तिरक्या नजरेला चांगलं. दुकानात टीव्हीसमोर सरळ उभं राहून निवड करू नका; खाली वाका आणि वर बघा. बसवताना पडदा १० ते १५ अंश खाली झुकवता येईल असं स्टँड घ्या.

विजेचा प्रश्न

हा भाग घाईने उरकू नये. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत: इन्व्हर्टरवर चालणारा घरगुती टीव्ही, किंवा थेट १२ व्होल्टवर चालणारा टीव्ही.

२४ इंची एलईडी टीव्ही साधारण ३० वॅट घेतो. ३० भागिले १२, म्हणजे अडीच अँपिअर. रोज चार तास पाहिला तर १० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी, म्हणजे हाताशी ५०. त्यातले १० टीव्हीला गेले. इन्व्हर्टरमधून चालवलात तर रूपांतरात होणारी तूट आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक वेगळी. टीव्ही बंद असला तरी चालू राहिलेला इन्व्हर्टर बॅटरी खातच राहतो. मी थेट १२ व्होल्टच्या बाजूचा आहे. इन्व्हर्टर वापरणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा (मेन्ससारखी सुरळीत वीज देणारा) घ्या आणि त्याचा स्विच हाताला येईल असा ठेवा.

पण थेट १२ व्होल्ट म्हणजे बॅटरीच्या दोन वायरी टीव्हीत खुपसणं नव्हे. बॅटरी कधीच नेमकी १२ व्होल्टवर नसते. इंजिन किंवा चार्जर चालू असताना दाब १४.४ व्होल्टपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. बॅटरी उतरली की ११ च्या आसपास येतो. ज्या टीव्हीबरोबर १२ व्होल्टचा ॲडॅप्टर येतो, त्याची रचना स्थिर १२ व्होल्टसाठी असते. वाहनांसाठीच बनवलेल्या टीव्हीवर किती ते किती व्होल्ट चालतील ते छापलेलं असतं. तसं छापलेलं नसेल तर मध्ये १२ व्होल्टचा स्टॅबिलायझर लावा, असा की जो दाब चढला तर उतरवेल आणि उतरला तर चढवेल. काही ॲडॅप्टर १९ व्होल्टचे असतात, त्यांना दाब वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. खरेदीआधी ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा.

वायर जाड घ्या. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने पाच मीटर अंतरावर तीन अँपिअर नेले, तर जाण्यायेण्यात सुमारे ०.३५ व्होल्ट गळतात. अडीच चौरस मिलिमीटरला ही गळती ०.२ च्या जवळ येते. उतरत्या बॅटरीवर टीव्ही मध्येच बंद पडतो की चालत राहतो, हे एवढ्याशा फरकाने ठरू शकतं. फ्यूज ५ अँपिअरचा, आणि तो वीज जिथून घेतली तिथे लावा. टीव्हीजवळ लावलेल्या फ्यूजचा मधल्या वायरीला काही उपयोग नाही.

चालकाच्या समोर किंवा डोक्यावर टीव्ही असलेल्या कित्येक गाड्यांमध्ये एक रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा स्विच, बसवलेला असतो. किल्ली फिरवली की तो टीव्हीची वीज तोडतो, म्हणजे गाडी चालवताना पडदा चालूच होत नाही. जुना टीव्ही काढताना असा रिले सापडला तर तो टाळून नवी वायर ओढू नका. नव्या टीव्हीची वीजही त्यातूनच घ्या.

फळी आणि स्टँड

पोकळीच्या आत चारही बाजूंना लाकडी पट्ट्या गोंद आणि स्क्रूने पक्क्या करा. त्यांच्यावर १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची फळी बसेल. गुण्या लावून कापलेली फळी वाकड्या पोकळीत अडकते, म्हणून पुठ्ठ्याचा साचा आधी पोकळीत बसवून पाहा आणि मग फळीवर आखा. वर आणि खाली हवेसाठी फटी ठेवा. टीव्हीची उष्णता वर चढते आणि बंद कपाटात कोंडते.

फळी वरच्या बाजूला बिजागरीवर टांगून गॅस स्प्रिंगने उचलता येईल अशी केलीत, तर मागे चादरी, टॉवेल अशा हलक्या वस्तूंसाठी खण मिळतो. ६० बाय ४५ सेंटिमीटरची अशी फळी दोन किलोंच्या आत येते. टीव्ही धरून सहाएक किलो. मात्र तिला दोन भक्कम कड्या हव्यात. गाडीच्या धक्क्याने लोहचुंबकाची पकड सुटते.

टीव्ही पोकळीऐवजी भिंतीवर येणार असेल तर भिंत आधी ओळखा. अनेक मोटरहोमची आतली भिंत म्हणजे तीनेक मिलिमीटरचा प्लाय आणि मागे फोम. त्यात मारलेला स्क्रू आज घट्ट वाटेल, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी भोक मोठं होत जाईल. आतला सांगाडा शोधा. लोखंडी असेल तर लोहचुंबक दाखवतो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तिथे भिंतीवर टकटक करून आवाज ऐका किंवा स्क्रूंच्या रांगेवरून अंदाज घ्या. सांगाडा योग्य जागी नसेल तर जाड प्लायची मोठी फळी दोन उभ्या दांड्यांना जोडा आणि स्टँड त्या फळीवर लावा. ड्रिल करण्याआधी बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, कारण भिंतीत वायरी असतात आणि भिंतीपलीकडे बाहेरचा पत्रा.

टीव्हीच्या मागची भोकं वेसा मापाची, म्हणजे स्टँड बसवण्यासाठी ठरवून दिलेल्या अंतरांची, असतात. लहान टीव्हींना ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतर आणि बहुधा एम-४ स्क्रू. मोठ्यांना २०० मिलिमीटर, तिथे एम-६ ही असू शकतात. स्क्रूची लांबी डोळ्यांनी ठरवू नका. भोकात काडी घालून खोली मोजा, त्यात स्टँडच्या पत्र्याची आणि वायसरची जाडी मिळवा. लांब स्क्रू आतून थेट पॅनेलपर्यंत पोचतो. स्प्रिंग वायसर लावा. स्क्रू न सुटण्यासाठी आट्यांवर लावतात तो द्रव टीव्हीच्या बाजूला वापरू नका; काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात.

हलता आर्म घ्यायचा असेल तर प्रवासात कुलपासारखा अडकणाराच घ्या. साधा आर्म पहिल्याच वळणावर उघडतो आणि टीव्ही कपाटावर आदळतो. अडकणाऱ्या आर्मलाही निघण्याआधी एक पट्टा बांधावा.

जोडणी आणि चाचणी

जुन्या टीव्हीचा ट्यूनर ॲनालॉग. नव्यात डिजिटल ट्यूनर असतो, पण तुम्ही फिरता त्या भागाची पद्धत तो ओळखतो का, ते पाहून घ्या: उत्तर अमेरिकेत एटीएससी, युरोपात डीव्हीबी-टी आणि टी२, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी. छतावरचा अँटेना बहुतेक वेळा चालून जातो. आतली ७५ ओहमची केबल मात्र जुनी आणि पिळलेली असेल तर बदला. डीव्हीडी प्लेअरसारखी जुनी यंत्रं पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची असतील, तर नव्या टीव्हीत तशी सोय आहे का तेही पाहा. अनेकांत आता फक्त एचडीएमआय असतं.

प्रत्येक केबलला टीव्हीजवळ थोडा ढिला वळसा द्या, नाहीतर हादऱ्यांचा ताण थेट सॉकेटवर येतो. पत्र्याच्या कडेवरून जाणाऱ्या वायरीला रबरी कडं घाला. फळी बंद करण्याआधी आत एक दोरी ओढून ठेवा, पुढे आणखी केबल न्यायची झाली की तीच उपयोगी पडते.

मग बॅटरी जोडा आणि टीव्ही तीन प्रकारे चालवून बघा: फक्त बॅटरीवर, चार्जर लावून, आणि चालकाच्या जागेवरचा पडदा नसेल तर इंजिन चालू ठेवूनही. प्रत्येक वेळी मल्टीमीटर टीव्हीच्या प्लगपाशी लावून दाब बघा. चॅनेल अचानक तुटत असतील तर इन्व्हर्टर, कन्व्हर्टर आणि एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. त्यांचा विद्युत गोंगाट अँटेनात शिरतो.

जुना टीव्ही फोडू नका किंवा कचऱ्यात टाकू नका, ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तो अख्खाच्या अख्खा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. नव्या टीव्हीचे सगळे स्क्रू आणि बोल्ट पहिल्या खडबडीत प्रवासानंतर पान्हा घेऊन पुन्हा तपासा. बहुतेकदा एखादा पाव आटा तरी फिरतो.