गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर बसवताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक, संध्याकाळी द्वारका किंवा मुंबई नाक्यावर इंच इंच सरकताना. दुसरी, घाटात: मुंबईहून परतताना कसारा, सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीची वळणं, नाहीतर सापुताऱ्याची चढण. दोन्हीकडे वेग कमी असतो, समोरून वारा मिळत नाही आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा भाग, लॉक होत नाही. लॉक-अप म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू थेट एकमेकांना जोडल्या जाणं. लॉक नसताना इंजिनची ताकद ऑइल घुसळून पुढे जाते आणि त्यातला काही भाग सरळ उष्णतेत जातो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर 40 अंश असतील, गाडीत सात माणसं आणि वर कॅरिअरवर सामान असेल, तर कंपनीचा कूलर कमी पडू शकतो. म्हणून बाहेरून कूलर लावायचा विचार चुकीचा नाही. चुकतं ते बहुतेक वेळा बसवण्यात, आणि त्याही आधी निदानात.

गिअरबॉक्स कुठला आहे हे न पाहता कूलर घेणं

आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात, पण आतली यंत्रणा वेगवेगळी असते. मारुतीच्या एजीएससारख्या एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल) साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा हलवते. घाटात तिथे क्लच प्लेट तापते, तिला ऑइल कूलरचा काडीचाही उपयोग नाही. ड्राय (ऑइलमध्ये न बुडणारा) क्लच असलेल्या डीसीटीचंही, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सचंही, तेच. सीव्हीटीचं (ठरावीक गिअरऐवजी पुली आणि बेल्टवर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल वेगळं आणि कूलिंगची रचनाही वेगळी, त्यामुळे तिथे गाडीच्या मॅन्युअलबाहेर काही करू नका. हा लेख टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिकसारख्या.

तापमान न मोजताच खर्च करणं

डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या कूलंटचा असतो, गिअरबॉक्सचा नाही. तो मध्यावर असतानाही गिअरबॉक्सचं ऑइल 120 अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा ओबीडी अ‍ॅडॅप्टर लावून बघता येतं, मात्र गिअरबॉक्सचं तापमान बहुतेक गाड्यांत त्या कंपनीच्या खास कोडमधूनच मिळतं. फुकटच्या अ‍ॅपमध्ये तो आकडा दिसला नाही तर चांगल्या स्कॅनरवाल्याकडे जा.

ढोबळ हिशेब असा: 80 ते 95 अंश ही ऑइलची सुखाची जागा. घाटात थोडा वेळ 110 झालं तर घाबरू नका. 120 च्या वर बराच वेळ राहिलं तर ऑइल जळायला लागतं, आत चिकट थर धरतो, व्हॉल्व्ह अडकू लागतात. 150 च्या आसपास सील कडक होतात आणि क्लच प्लेट घसरतात. त्या पट्ट्यात प्रत्येक 10 अंशांमागे ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं मानलं जातं.

सपाट रस्त्यावर, मोकळ्या हायवेवरही आकडा 110 च्या पुढे राहत असेल, तर तो कूलरचा प्रश्न नाही. ऑइल कमी आहे, जुनं झालंय, लॉक-अप लागत नाही किंवा रेडिएटरची जाळी मातीने बुजली आहे. आधी ते दुरुस्त करा. नवा कूलर खरा दोष काही महिने झाकून ठेवतो आणि तेवढ्यात क्लच प्लेट संपतात.

रेडिएटर पूर्ण वगळणं, किंवा क्रम उलटा करणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. गिअरबॉक्समधून निघालेलं गरम ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमध्ये जावं, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्सला. उलटं जोडलं तर बाहेर थंड झालेलं ऑइल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा गरम होऊ शकतं. म्हणून परतीची लाइन कुठली याची खात्री करा. थंड गाडी सुरू करून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की आधी तापणारी लाइन जाणारी, उशिरा तापणारी परतीची. अंदाजाने पाइप कापू नका.

रेडिएटर वगळून सगळं बाहेरच्या कूलरवर सोडलं की हिवाळ्यात त्रास होतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये पारा 10 च्या खाली येतो, निफाडकडे त्याहून खाली. रेडिएटर सकाळी ऑइल गरमही करतो, हे लोक विसरतात. ऑइल थंड राहिलं की लॉक-अप उशिरा लागतो, गिअर जड पडतात, अ‍ॅव्हरेज घटतं. रेडिएटरमधला कूलर फुटल्यामुळे त्याला वगळावंच लागलं, तर मध्ये थर्मोस्टॅट असलेला बायपास व्हॉल्व्ह लावा. ऑइल तापेपर्यंत तो बाहेरच्या कूलरचा मुख्य मार्ग बंद ठेवतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरला जाणारी ऑइलची लाइनच नसते. गिअरबॉक्सच्या अंगावरच कूलंटवर चालणारा छोटा हीट एक्स्चेंजर असतो. तिथे त्या मॉडेलसाठी बनवलेला अ‍ॅडॅप्टरच हवा, जुगाड नको.

प्लास्टिक टायने कूलर बांधणं

किटमध्ये लांब प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. त्या एसी कंडेन्सरच्या जाळीतून आरपार ओवायच्या आणि कूलर आवळायचा, दहा मिनिटांत काम संपतं. गाडी सहा महिने चालल्यावर बंपर काढून बघा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना काळी पूड साचलेली असते, पातळ पत्रे वाकलेले असतात, आणि कूलरचा कोपरा कंडेन्सरच्या नळीवर जिथे टेकला असेल तिथे चकचकीत घासलेली रेघ दिसते. खड्ड्यांचा धक्का आणि इंजिनचं कंपन ती रेघ रोज खोल करतं. मग एक दिवस एसीचा गॅस जातो किंवा लाल ऑइल ठिबकायला लागतं. धातूच्या पट्टीचे ब्रॅकेट करून कूलर बंपरच्या आतल्या आडव्या पत्र्याला धरा, कंडेन्सरपासून थोडी फट ठेवा. आणि गरजेपेक्षा मोठा कूलर घेऊ नका. त्याने पूर्ण तोंड झाकलं की एसी आणि इंजिन दोन्ही गरम होतात.

होस पाइपमध्ये कधीही काटकसर करू नका. कूलंटचा साधा रबरी पाइप गरम ऑइलने फुगतो, मऊ पडतो आणि निसटतो. ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच पाइप घ्या. धातूची लाइन कापली असेल तर टोकाला पाइप अडकून राहील अशी फुगीर कड करून घ्या, गुळगुळीत नळीवर फक्त क्लिप आवळून भागत नाही. घाटात पाइप सुटला तर काही मिनिटांत ऑइल रिकामं होतं आणि गिअरबॉक्सचं काम तमाम.

लेव्हल न बघता गाडी हातात देणं

कूलर आणि पाइपमध्ये जास्तीचं ऑइल मावतं, ते भरावं लागतं. अनेक गाड्यांना डिपस्टिक नसते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, लेव्हल प्लगमधून बघतात. उकळत्या गाडीत लेव्हल बघितली तर ऑइल फुगलेलं असतं आणि प्रत्यक्षात कमी भरलं जातं. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाका. रंग लाल आहे एवढ्यावर भागवू नका.

बसवल्यानंतरही आकडा खाली येत नसेल तर

हायवेवर थंड आणि गर्दीत गरम होत असेल, तर कूलरला वारा मिळत नाही. छोटा फॅन लावा, पण तो रेडिएटरच्या फॅनच्या दिशेनेच हवा ओढतोय ना, ते कागदाचा तुकडा धरून तपासा. सगळीकडेच गरम असेल तर कुठे तरी पाइप वळणावर दुमडलाय का बघा. ऑइल गुलाबी, दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट मिसळलंय. गाडी त्याच जागी थांबवा, क्लच प्लेटला ते पाणी अजिबात सोसत नाही.

चालवण्याची सवयही तपासा. नांदुरीच्या घाटात समोरची बस थांबली की बरेच जण ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढावर धरून ठेवतात. त्या वेळी चाक फिरत नाही, म्हणून इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं ऑइल उकळवण्यात जाते. कुठलाही कूलर याला पुरा पडत नाही. ब्रेक दाबा, जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. चढताना मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवला की वर-खाली बदल थांबतात आणि लॉक-अप लागायची शक्यता वाढते. आकडा 120 ओलांडला तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, एसी बंद करा, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा. ऑइल फिरत राहतं आणि तापमान उतरतं. लगेच चावी फिरवून बंद केलं तर ऑइलचं फिरणं थांबतं.

आणि ज्यांच्या गिअरबॉक्सचं काम नुकतंच झालंय त्यांच्यासाठी: जुना कूलर तसाच ठेवू नका. फुटलेल्या क्लच प्लेटचा चुरा आणि धातूचे बारीक कण त्याच्या नळ्यांत बसलेले असतात, नुसतं ऑइल फिरवून ते निघत नाहीत. नवा कूलर घ्या किंवा मशीनवर नीट फ्लश करून घ्या, आणि परतीच्या लाइनवर चुंबक असलेला फिल्टर लावा. गाडी वॉरंटीत असेल तर कुठलीही लाइन कापण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.